महिंद्रा थार : इंजिनांचे पर्याय

महिंद्रा थार ही महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीची, खडतर वाटांवर चालण्यासाठी बांधलेली चारचाकी मोटार आहे. तिचे उत्पादन महाराष्ट्रातील नाशिक येथील कारखान्यात होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या दुसऱ्या पिढीपासून ही गाडी पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही प्रकारच्या इंजिनांसह मिळू लागली. जानेवारी २०२३ मध्ये त्यात तिसऱ्या, लहान डिझेल इंजिनाची भर पडली. त्यामुळे पूर्वी जो प्रश्न ग्राहकापुढे उभाच राहत नव्हता, तो 'कोणते इंजिन घ्यावे' हा प्रश्न या गाडीच्या बाबतीत मध्यवर्ती झाला.

सर्वसाधारण मोटारीच्या बाबतीत ही निवड मुख्यतः इंधनाच्या खर्चावरून होते. डोंगर, वाळू, नदीपात्र आणि चिखल यांतून जाणाऱ्या वाहनाच्या बाबतीत मात्र इंजिनाच्या निवडीबरोबर गिअरपेटी, चारचाकी चालना, करांचा दर आणि गाडी कोणत्या प्रदेशात वापरली जाणार हे सर्व एकत्र ठरते. यांपैकी काही गोष्टी नंतर बदलता येतात. टायर बदलता येतात, स्प्रिंगा बदलता येतात. इंजिन बदलता येत नाही, आणि ज्या गाडीत लो रेंज नाही तीत ती नंतर बसवून घेणे व्यवहार्य नसते.

पार्श्वभूमी

महिंद्रा कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. या सुरुवातीच्या जीप पेट्रोलवर चालत. १९७०च्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकल्यानंतर भारतात डिझेलकडे कल वळला आणि कंपनीने प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्रसाहाय्याने एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन तयार करण्यास घेतले. पुढे सीजे ५४० आणि एमएम ५४० या जीप याच इंजिनावर चालल्या. ग्रामीण भागात, वनखात्यात आणि घाटरस्त्यांवरच्या प्रवासी वाहतुकीत 'जीप म्हणजे डिझेल' हे समीकरण याच काळात रूढ झाले. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, हे त्यामागचे साधे कारण होय.

२०१० मध्ये आलेली पहिली थार याच परंपरेतली होती आणि ती फक्त डिझेलमध्ये मिळे. तिचे दोन प्रकार होते. डीआय हा प्रकार यांत्रिक इंधनपंपावर चालणारा, सुमारे ६३ अश्वशक्तीचा होता. तो संथ आणि गोंगाट करणारा असला तरी तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येत असे. सीआरडीई या दुसऱ्या प्रकारात कॉमन रेल पद्धतीचे २,४९८ घन सेंटिमीटरचे, १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन होते. डोंगरवाटांवर हौसेने गाडी चालवणाऱ्यांनी बहुधा हा दुसरा प्रकार घेतला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि जुनी इंजिने त्या चौकटीत बसत नसल्याने पहिली थार बंद झाली.

उपलब्ध इंजिने

दुसऱ्या पिढीच्या तीन दारांच्या थारमध्ये पुढील तीन इंजिने आहेत.

एमस्टॅलियन हे १,९९७ घन सेंटिमीटरचे, थेट इंधन फवारणीचे टर्बोचार्ज्ड पेट्रोल इंजिन आहे. त्याची शक्ती १५० अश्वशक्ती असून ती मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर मिळते. टॉर्क मॅन्युअल गिअरपेटीसह ३०० न्यूटन-मीटर आणि स्वयंचलित गिअरपेटीसह ३२० न्यूटन-मीटर इतका आहे.

एमहॉक हे २,१८४ घन सेंटिमीटरचे टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिन १३० अश्वशक्ती (३,७५० फेऱ्यांवर) आणि १,६०० ते २,८०० फेऱ्यांच्या टप्प्यात ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. एमहॉक या नावाची इंजिने कंपनी २००८ पासून स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत वापरत आली आहे.

तिसरे, २०२३ मधले १,४९७ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन ११७ अश्वशक्तीचे आहे. त्याचा टॉर्कही ३०० न्यूटन-मीटरच आहे, पण तो १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या अरुंद टप्प्यात मिळतो. हे इंजिन फक्त मॅन्युअल गिअरपेटी आणि फक्त मागच्या चाकांना चालना देणाऱ्या प्रकारात उपलब्ध आहे.

चारचाकी चालनेच्या प्रकारांत हाताने टाकायची ट्रान्सफर केस असते आणि तिच्या लो रेंजचे गुणोत्तर २.४८ आहे. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर असून ती इंधनाच्या प्रकारानुसार बदलत नाही.

टॉर्कचा आकडा आणि प्रत्यक्ष चढ

'डोंगरासाठी डिझेलच, कारण त्याला टॉर्क जास्त' हे विधान टर्बोविरहित पेट्रोल इंजिनांच्या काळात खरे होते. थारच्या बाबतीत ते कागदावर तरी टिकत नाही. तिन्ही इंजिनांचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, किंबहुना स्वयंचलित पेट्रोल प्रकारात तो सर्वांत जास्त आहे. तरीही तीन गाड्या एकाच चढावर सारख्या वागत नाहीत. याचे कारण समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते.

सुमारे पावणेदोन टन वजनाची गाडी ३० अंशांच्या चढावर उभी आहे असे धरू. तिला मागे घसरू न देता केवळ तोलून धरण्यासाठी चाकांवाटे सुमारे ८,६०० न्यूटन बल लागते. थारच्या २५५/६५ आर१८ या मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३९ सेंटिमीटर भरते. म्हणजे चाकांवर एकूण सुमारे ३,४०० न्यूटन-मीटर टॉर्क हवा. आता सोयीसाठी पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि आसाच्या गिअरचेही ४ मानले, तर हाय रेंजमध्ये इंजिनाचा टॉर्क १६ पट होऊन चाकांपर्यंत पोचतो. तेव्हा इंजिनाकडून किमान २१० न्यूटन-मीटर लागतील. लो रेंज टाकली की तोच गुणाकार ३९.७ पट होतो आणि गरज एकदम ८५ न्यूटन-मीटरवर येते. घर्षणातील घट आणि पुढे सरकण्यासाठी लागणारा जादा जोर धरला, तरी लो रेंजमध्ये तिन्हींपैकी कोणत्याही इंजिनाला हे काम जड नाही.

याचा अर्थ असा की लो रेंज असलेल्या गाडीत टॉर्कच्या कमाल आकड्याला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर, टर्बोचार्जर काम करू लागण्यापूर्वी, किती स्थिरपणे चालते याला. वर मानलेल्या गुणोत्तरांनुसार मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ३ किलोमीटर वेगाने सरकते. हा वेग माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी आहे. हाय रेंजमध्ये त्याच फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे साडेसात किलोमीटर होतो. मोठ्या दगडांवरून उतरताना हा फरक तळाला बसणारा फटका आणि सुखरूप पार होणे यांतला फरक ठरतो.

संथ चालीत डिझेल पुढे का राहते

माहितीपत्रकात छापलेला टॉर्क हा टर्बोचार्जर पूर्ण दाबाने हवा कोंबत असतानाचा असतो. त्याखालच्या फेऱ्यांत इंजिन आपल्या मूळ आकारमानावर आणि संपीडन गुणोत्तरावर अवलंबून असते. २.२ लिटरचे डिझेल इंजिन येथे दोन कारणांनी सरस ठरते. एक म्हणजे ते तिघांत आकाराने सर्वांत मोठे आहे. दुसरे म्हणजे डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त भरलेली असते आणि शक्ती केवळ इंधनाच्या मात्रेवर ठरते. चाकाखाली दगड येऊन फेऱ्या घसरू लागल्या की नियंत्रक लगेच थोडे अधिक इंधन सोडतो. गाडी अडखळत नाही आणि चालकाला ॲक्सिलरेटरला पायही लावावा लागत नाही. पेट्रोल इंजिनाला हेच करण्यासाठी आधी हवेची झडप उघडून हवा आत घ्यावी लागते. आधुनिक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ही उणीव बरीच कमी केली आहे, तरी मॅन्युअल गिअरपेटीच्या पेट्रोल थारमध्ये खडकांवरून जाताना क्लच थोडा अधिक वापरला जातो.

स्वयंचलित गिअरपेटी घेतल्यास मात्र हा फरक जवळजवळ पुसला जातो. तिच्यातील टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाने भरलेले जोडयंत्र गाडी स्थिर असताना इंजिनाचा टॉर्क दीडपट ते दुप्पट करून पुढे पाठवते, इंजिनाला बंद पडू देत नाही आणि जळून जाईल असा क्लच त्यात नसतो. नवख्या चालकाच्या दृष्टीने पेट्रोल की डिझेल यापेक्षा मॅन्युअल की स्वयंचलित हा प्रश्न म्हणूनच अधिक मोलाचा आहे, पण चर्चा बहुधा पहिल्याच प्रश्नाची होते.

उतारावर डिझेल इंजिन गाडी अधिक आवरून धरते, असाही समज रूढ आहे. तो अर्धवट खरा आहे. पेट्रोल इंजिनात पाय उचलताच हवेची झडप मिटते आणि पिस्टनला निर्वात ओढावा लागतो. डिझेलमध्ये ती अडवणूक कमी असते, आणि दाबलेली हवा घेतलेली ऊर्जा पुष्कळशी परत देते. मालमोटारींना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो तो यामुळेच. खडतर उतारावर गाडी आवरली जाते ती मुख्यतः लो रेंजच्या गिअरमुळे, इंधनाच्या प्रकारामुळे नव्हे.

वाळू आणि चिखल

वाळूत परिस्थिती उलट असते. टेकाडावर चढताना गाडीचा वेग टिकवावा लागतो. चाके रुतली की कितीही टॉर्क असला तरी ती अधिकच खोल जातात. येथे लागते ती शक्ती, म्हणजे फेऱ्या चढत असताना टिकून राहणारा जोर. ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० फेऱ्यांवर केवळ ६७ अश्वशक्तीच्या बरोबरीचा असतो. पेट्रोल इंजिन ५,००० फेऱ्यांपर्यंत ओढत राहते आणि तेथे १५० अश्वशक्ती देते, तर डिझेलचा दम ३,७५० फेऱ्यांच्या पुढे लवकर सरतो. राजस्थानातील ज्या वाळवंटाचे नाव या गाडीला दिले आहे, तेथील वाळूसाठी पेट्रोल इंजिन अधिक सोयीचे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. शिवाय डिझेल इंजिन त्याच ताकदीच्या पेट्रोल इंजिनापेक्षा वजनाने जड असते आणि ते वजन पुढच्या चाकांवर येते. मऊ वाळूत तेही जाणवते.

सह्याद्रीतील पावसाळी चिखल आणि कोकणातील लाल मातीचे ओले चढ या दोहोंच्या मध्ये बसतात. तेथे इंजिनापेक्षा टायरची नक्षी आणि मागच्या आसावरील डिफरन्शिअल लॉक यांचाच प्रभाव अधिक असतो.

पाणी

पूर्वी पेट्रोल इंजिन पाण्यात बंद पडे, कारण ठिणगीच्या तारा व डिस्ट्रिब्युटर भिजत. डिझेलला ठिणगीच लागत नसल्याने ते चालू राही. आजच्या दोन्ही इंजिनांत संवेदक आणि नियंत्रक संगणक असल्याने हा फायदा नाममात्र उरला आहे.

खरा धोका हवा घेण्याच्या नळीतून पाणी आत जाण्याचा असतो. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना ते अडले तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. या बाबतीत डिझेल इंजिन अधिक नाजूक म्हणावे लागते. अर्धा लिटरच्या सिलिंडरात संपीडन गुणोत्तर १० असेल, तर पिस्टन सर्वांत वर असताना सुमारे ५५ घन सेंटिमीटर जागा उरते. गुणोत्तर १६ असेल तर जेमतेम ३३. म्हणजे दोन-तीन चमचे पाणीही पुरेसे होते. पाण्यात बंद पडलेले इंजिन जागेवरच पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, हा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे.

उंची आणि थंडी

लडाखमधील खारदुंग ला (५,३५९ मीटर) आणि उमलिंग ला (सुमारे ५,८०० मीटर) या खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती तेथे त्याच प्रमाणात घटते. थारची तिन्ही इंजिने टर्बोचार्ज्ड असल्याने ही घट पुष्कळ अंशी भरून निघते, मात्र टर्बो जागा होण्यास अधिक वेळ लागतो आणि गाडी सुरुवातीला मंद वाटते.

थंडीचा प्रश्न मात्र डिझेलचाच आहे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान फार खाली गेले की ते गोठून गाळणीत अडकतात आणि इंजिन सुरू होत नाही. यासाठी इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहते. मैदानी भागात भरलेल्या टाकीवर हिवाळ्यात वर जाणाऱ्या गाडीला अर्थातच त्याचा उपयोग नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती कॉमन रेल इंजिनात महागात पडते, कारण उच्चदाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच, आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी असतो. पेट्रोल इंजिनाला यांपैकी काहीच सोसावे लागत नाही.

जादा इंधन बरोबर नेण्याच्या बाबतीत तराजू पुन्हा डिझेलकडे झुकतो. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते, तर नेहमीच्या हवामानात डिझेल सहज पेटत नाही. एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही अधिक असते, त्यामुळे तेवढ्याच डब्यात गाडी अधिक दूर जाते.

काजळीची गाळणी

भारत स्टेज ६ नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी ठरावीक काळाने गाळणीतच जाळली जाते आणि त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते. महामार्गावर काही वेळ सलग गाडी चालवली की हे आपोआप घडते. गाडी रोज शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी आणि सुटीच्या दिवशी लो रेंजमध्ये रांगण्यासाठी वापरली जात असेल, तर ते घडत नाही. काजळी साठत जाते, ती जाळण्याचे प्रयत्न अर्धवट सुटतात, जादा फवारलेले डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते आणि अखेर डॅशबोर्डवर इशारा येतो. विशेष म्हणजे डिझेल थार घेणाऱ्यांपैकी अनेकांचा वापर नेमका असाच असतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी नेणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी पेट्रोल इंजिन कमी कटकटीचे ठरते.

गाळणी जळत असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. माळरानावर आणि कासव्यतिरिक्तच्या पठारांवरही हिवाळ्यानंतर गुडघाभर वाळके गवत असते, आणि तापलेल्या धूरनळीने ते पेटू शकते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पेट्रोल इंजिनाचीही एक बाजू आहे. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. हे इथेनॉल तयार करण्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. इथेनॉलमध्ये आकारमानाच्या हिशेबाने पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के कमी ऊर्जा भरते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळ्यात महिनोन्महिने घरापुढे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, पाणी साठण्याचा संभव वाढतो. घरातली दुसरी गाडी म्हणून थार घेणाऱ्यांनी टाकी अर्धी रिकामी ठेवून ती उभी करू नये ती यामुळेच.

कर आणि कायदा

इंजिनाचे आकारमान भारतात केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही. ४ मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोलसाठी १,२०० किंवा डिझेलसाठी १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन या दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या गाडीला कमी कर लागतो. तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे पहिली अट तिने १५ मिलिमीटरने पुरी केली आहे. दुसरी अट फक्त १,४९७ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन पुरी करते, आणि तेही ३ घन सेंटिमीटरने. हे इंजिन थारमध्ये का आले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनुसार त्यावर १८ टक्के कर लागतो, तर २ लिटर पेट्रोल आणि २.२ लिटर डिझेल या दोन्हींवर ४० टक्के.

महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा एकरकमी रस्ताकर वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाड्यांना किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर डिझेल गाड्यांना १३ ते १५ टक्के आहे. बारा लाखांच्या गाडीवर या दोन टक्क्यांचे २४ हजार रुपये होतात.

दिल्ली आणि परिसरात वेगळाच पेच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे २,००० घन सेंटिमीटर आणि त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीवर बंदी घातली होती. महिंद्राने त्यावर एमहॉक इंजिनाची २ लिटरपेक्षा किंचित लहान आवृत्ती काढली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का पर्यावरण उपकराच्या अटीवर बंदी उठली. त्याच प्रदेशात डिझेल गाडीचे आयुष्य १० वर्षे आणि पेट्रोलचे १५ वर्षे ठरवणाऱ्या आदेशांनी डिझेल गाड्यांच्या पुनर्विक्रीवर दीर्घकाळ सावट राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात असा नियम नाही. तरी गाडी पुढे-मागे दिल्लीकडे न्यायची किंवा विकायची असल्यास हे लक्षात घ्यावे लागते.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, आणि मिश्र वापरात पेट्रोल थार लिटरला ९ व डिझेल थार १२ किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे सुमारे साडेअकरा आणि साडेसात रुपये येतो. चार रुपयांच्या या फरकातून डिझेल गाडीसाठी दिलेले एक लाख रुपये जादा वसूल होण्यास २५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागेल, आणि तोवर गाळणी व इंजेक्टर यांच्या देखभालीचा खर्च वेगळा. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र या हिशेबात शंकेला जागा उरत नाही.

लहान डिझेल इंजिनाविषयी

१.५ लिटर डिझेल थार किमतीने सर्वांत आकर्षक आहे, आणि गैरसमजही तिच्याचबद्दल सर्वाधिक आहेत. तिचे बाह्यरूप, जमिनीपासूनची उंची आणि टॉर्कचा आकडा मोठ्या भावंडांशी मिळताजुळता आहे. पण तिला पुढच्या चाकांना चालना नाही आणि लो रेंजही नाही. वरच्या हिशेबातील ३० अंशांचा चढ तिला हाय रेंजच्या गुणाकारानेच चढावा लागेल. म्हणजे इंजिनाकडून २१० न्यूटन-मीटरहून अधिक जोर हवा, आणि तोही गाडी हलण्याच्या क्षणी, जेव्हा फेऱ्या १,७५० च्या खूप खाली असतात आणि टर्बो जागा झालेला नसतो. चालकापुढे मग एकच मार्ग उरतो : फेऱ्या चढवून क्लच अर्धवट दाबून धरणे. असे काही मिनिटे केल्यास क्लचच्या तबकड्या जळू लागतात, आणि चढाच्या मध्यावर क्लच निकामी झाला तर गाडी मागे येण्याचा धोका असतो. याशिवाय ओल्या चढावर केवळ दोन चाकांची पकड पुरत नाही, हे वेगळेच.

गावाकडचे कच्चे रस्ते, ऊसतोडणीच्या हंगामातील खड्डे, किनाऱ्यालगतच्या वाटा आणि महामार्ग यांसाठी ही गाडी पुरेशी आहे, आणि तिचा इंधनखर्चही कमी आहे. गाड्यांच्या तांड्याबरोबर डोंगरात शिरण्यासाठी ती बनवलेली नाही.

अन्य गाड्यांतील स्थिती

भारतातील या वर्गाच्या इतर गाड्यांत ग्राहकाला असा पर्याय क्वचितच मिळतो. फोर्स गुरखा फक्त डिझेलवर चालते, तिच्या २.६ लिटर इंजिनाची शक्ती २०२४ मध्ये १४० अश्वशक्तीपर्यंत वाढवण्यात आली. जून २०२३ मध्ये आलेली मारुती सुझुकी जिमनी फक्त पेट्रोलवर चालते आणि तिच्या टर्बोविरहित १,४६२ घन सेंटिमीटर इंजिनाचा टॉर्क अवघा १३४ न्यूटन-मीटर आहे. थारच्या निम्म्याहूनही कमी टॉर्क असलेली ही गाडी अनेक अवघड वाटा सहज पार करते, कारण तिचे वजन सुमारे बाराशे किलोग्रॅम आहे आणि तिला लो रेंज आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये एमस्टॅलियन पेट्रोल आणि एमहॉक डिझेल ही दोन्ही इंजिने अधिक शक्तीसह दिलेली आहेत. मात्र चारचाकी चालना तेथे केवळ डिझेलबरोबर मिळते. पेट्रोल रॉक्स फक्त मागच्या चाकांवर चालते. पेट्रोल इंजिन आणि लो रेंज दोन्ही हवे असणाऱ्यांना त्यामुळे तीन दारांच्या थारकडेच वळावे लागते.